तोटीची पाळी

बुरकुंडाच्या टोकाशी थेंब जमत होता. आधी नुसता ओलसर फुगवटा, मग त्याला खालून वजन येई, क्षणभर तो लांबट होऊन तसाच लटकून राही आणि मग खालच्या मापाच्या भांड्यात पडे. दाणे काढून घेतलेलं मक्याचं ते बुरकुंड कुणीतरी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून नळाच्या तोंडात ठोकून बसवलं होतं. दीप्तीनं स्टॉपवॉच बंद केलं. पाच मिनिटं. भांडं डोळ्यांच्या पातळीला आणून तिनं वाचलं – पाण्याच्या पृष्ठभागाचा मधला खोलगट भाग बघायचा, कडा नाही, हे कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं – बावीस मिलीलिटर.

वहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत तीन ओळी होत्या. खापर गल्ली व आसपास, सार्वजनिक नळ : अडतीस. तोटी असलेले : चौदा. तोटी नसलेले : चोवीस. खाली, याच आठवड्यातल्या काळ्या शाईत : चोवीसपैकी बुरकुंड तेरा, लाकडी खुंटी सात, उघडे चार.

दोन शायांच्या मध्ये तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत निळी शाई कुठच्या कुठे जाऊन आली होती... फिनलंडपर्यंत.

पहाटेचं पाणी साडेपाचला येतं आणि सातला जातं, संध्याकाळचं साडेपाच ते साडेसहा. म्हणजे दिवसाला दीडशे मिनिटं. हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. ती ज्या घरात वाढली तिथे पाण्याच्या वेळा पाढ्यांच्या आधी पाठ व्हायच्या. वडील, यल्लाप्पा, तीस वर्षं पाणी सोडण्याच्या कामावर होते. त्यांच्या खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी असे, आणि दुसऱ्या हातात एक सळई. ती सळई ते रस्त्यावर टेकवायचे, वरचं टोक कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. जमिनीखाली नळ फुटला असेल तर तो सळईतून बोलतो म्हणे. लहानपणी तिनंही कान लावून पाहिला होता, तिला फक्त गार लोखंड लागलं होतं. "नळ बघायचा तर पानी असताना बघावा," ते म्हणायचे. "कोरडा नळ लबाड असतोय."

आणि मी कोरडे नळ मोजले. यल्लाप्पांची मुलगी असून, एम.एस्सी. होऊन, सकाळी दहा वाजता फॉर्म घेऊन गेले आणि दारोदार विचारलं, तोटी आहे का? हो किंवा नाही, चौकटीत खूण करा. बायका म्हणाल्या, न्हाय. एकमेकींकडे बघून हसल्याही होत्या, आत्ता आठवतं. तेव्हा वाटलं, लाजून हसताहेत.

पाणी असलेला नळ तिला एकच मिळाला होता, तोही त्या मोजणीच्या आदल्या संध्याकाळी, जाता जाता. एकतीस नंबर, रिक्षा स्टॉपजवळचा. तोटी नव्हती, बुरकुंड नव्हतं, मोकळी धार गटारात जात होती. बादली, घड्याळ... मिनिटाला चौदा लिटर. चौदा गुणिले दीडशे, एकवीसशे लिटर. एकवीसशे गुणिले चोवीस, पन्नास हजार चारशे लिटर, रोज. नदीवरून टेकडीवरच्या टाकीत तेवढं पाणी चढवायला पंचवीस युनिट वीज आणि तेवढ्या विजेसाठी कुठेतरी जळणाऱ्या कोळशाचा साडेबावीस किलो कार्बन डायऑक्साइड. एका लहानशा भागातल्या चोवीस नळांचा. मग तो आकडा साऱ्या शहराला गुणला, की पानावर तो खूप मोठा दिसू लागे. त्या रात्री – ती कबूल करते – तो आकडा तिला सुंदर वाटला होता.

जगातल्या काही शहरांनी मिळून एक मंडळ केलं होतं. देशांची सरकारं हवामानावर वर्षानुवर्षं नुसत्या सभा घेत बसलीत, तर निदान शहरांनी आपापला धूर आपण मोजावा आणि कमी करावा, असं. पहिल्या टप्प्यात पाच शहरं निवडली होती. फिनलंडमधलं एक, ब्राझीलमधलं एक, दक्षिण आफ्रिकेतलं, फिलिपिन्समधलं आणि पाचवं कोल्हापूर. प्रत्येकानं एक छोटा भाग आणि एक छोटी गोष्ट घ्यायची, मोजायची, सुधारायची, पुन्हा मोजायची आणि एकमेकांना तक्ते पाठवायचे. दीप्तीनं पाणी निवडलं होतं. दुसरं काय निवडणार?

तक्ता गेल्यावर आठ दिवसांनी फिनलंडच्या शहरातून एका बाईंचं पत्र आलं, साध्या इंग्रजीत. तुमच्या चोवीस नळांबद्दल मी आमच्या नगरसभेत सांगितलं, त्यांनी लिहिलं होतं. आमचे लोक नेहमी म्हणतात, आम्ही एकट्यानं करून काय उपयोग. या वेळी कुणी म्हणालं नाही. शाळेच्या पाणी तापवण्याच्या यंत्रणेवर आम्ही आता वेळ लावली आहे.

ते पत्र तिनं चार वेळा वाचलं होतं, आईलाही वाचून दाखवलं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी, चोवीस नव्या प्लॅस्टिकच्या तोट्या पिशवीत घालून ती वाटायला खापर गल्लीत आली होती.

"ही व्हय तोटी?" तानाबाईंनी ती हातात घेऊन नखानं आटे खरवडले होते. साठीच्या, उंच, आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडच्या तालमीतही जोर थांबावेत. "दोन दिसात आटं जात्यात हिचं. ठेव तुझी तुला. आमची हाय की पितळंची."

"कुठाय?"

"घरात."

घरात, भिंतीतल्या दिवळीत, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, फडक्यात गुंडाळून. दीप्ती बघत राहिली होती. पितळ चोरीला जातं म्हणून. तीनदा गेली तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं. चौदा घरांची पाळी, एकेकीकडे आठवडा आठवडा. पाणी यायच्या आधी पाळीवालीनं तोटी बसवायची, सगळ्यांच्या घागरी भरल्या की काढायची, बुरकुंड ठोकायचं आणि तोटी घरात. रविवारी पुढच्या घरात द्यायची.

"पण मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात..."

"तू इचारलंस नळाला तोटी हाय का. नळाला नव्हती. पानी वाया जातंय का, ते इचारलंसच न्हाईस." आणि मग, तिचा चेहरा बघून असावं, आवाज तेवढाच मोठा पण खाली बसवून – "आगं, तू आलीस तवा पानी गेलतं. सकाळच्या पारी ये. दावते सगळं."

कुणालाही सांगितलं नाही तानाबाईंनी. साहेब लोकांना नाही, गल्लीतही नाही. हसल्या नाहीत. परवा, काल आणि आज, तिन्ही दिवस पहाटे पाच वाजता त्या दारात उभ्या होत्या, आणि नळामागून नळ नेऊन दाखवत होत्या. हा दर्ग्याच्या मागचा, ह्याला खुंटी, बाभळीची. हा पिठाच्या गिरणीचा. ज्याची त्याची पाळी वेगळी. आज शेवटचे आठ. बुरकुंडांमध्येही फरक होता. काहींतून थेंब, काहींतून सुतासारखी धार. वीस बंद नळांची सारी गळती मिळून मिनिटाला तीन पूर्णांक सहा लिटर.

परवा पहिल्यांदा चालताना त्यांनी विचारलं होतं, "कुणाची गं तू?"

हा प्रश्न आला की तिला अजूनही आजीची घागर दिसते... आईच्या गावी, हातकणंगल्याकडे, आजी विहिरीपासून दहा पावलांवर घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली की वरून, लांबून, घागरीत पाणी ओतायचं. आजी गेली तेव्हा दीप्ती नऊ वर्षांची होती. आजीचं घर बुद्धाकडे वळूनही तेव्हा तीस-पस्तीस वर्षं झाली होती, पण पाणी पिताना ती शेवटपर्यंत भांडं जरा वर धरायची, कुणी ओतत असल्यासारखं.

"यल्लाप्पांची. पाणी सोडायला होते ते."

"सळई कानाला लावून फिरायचा त्यो? आत्ता गं बया! डोळं मिटून उभा ऱ्हायला की पोरं म्हनायची, यल्लाप्पा जमिनीला फोन लावतोय." तानाबाई रस्त्यातच थांबून हसल्या होत्या. "माझ्या दारातली गळती त्यानंच हुडकली. च्या दिलता त्याला. चांगला हाय न्हवं?"

"आहेत. ऐकू येत नाही आता."

"घे. सगळं ऐकून झालं असंल मग."

आज सातला पाणी गेलं, नळांनी शेवटचा घरघराट केला आणि गल्ली एकदम ऐकू येऊ लागली – कुणाचा तरी स्टोव्ह, म्हशीच्या गळ्यातली साखळी. तानाबाईंनी फडक्यात तोटी गुंडाळली. दीप्ती म्हणाली, "चार राहतात, उघडे. त्यांची पाळी का नाही?"

"दोन ठिकानी जावाजावांचं वाजलं, पाळी मोडली. आनि एक त्या पडक्या घराचा. त्यो स्टॉपचा नळ तर कुनाच्या दारातच न्हाय. मग पाळी कुनाची?"

ऑफिसला जाताना तिनं केएमटीच्या बसमध्ये गुडघ्यावर वही ठेवून बेरीज केली. चार उघडे, आठ हजार चारशे. वीस बंद, पाचशे चाळीस. एकूण आठ हजार नऊशे चाळीस लिटर. पन्नास हजार चारशेचे. साडेबावीस किलोचे चार. तिनं पुन्हा केली. तेवढीच आली.

संगमेश सरांनी वहीतला हिशोब दोनदा वाचला. ते प्रकल्पाचे इंजिनिअर, गडहिंग्लजच्या पुढचे, अस्वस्थ झाले की स्वतःशी कानडीत आकडे मोजणारे. मुलाखतीत त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, मोजायला आवडतं का? तिच्या आडनावावर त्यांची नजर थांबली नव्हती, तिनं ते नीट पाहिलं होतं. त्या एका प्रश्नासाठी तिनं त्यांचं काहीही ऐकलं असतं. बहुधा.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आकडा बरोबर आहे." मग त्यांनी वही मिटली. "पुढच्या टप्प्याला पाचातली तीन शहरं घेणार आहेत, दीप्ती. जास्तीत जास्त बचत दाखवतील ती. आज अंतिम तक्ता जायचाय."

"माहीत आहे, सर."

"पन्नास हजारांवरून खाली आणलं तर ती बचत. आणि पन्नास हजार कधी नव्हतेच म्हटलं, तर..." त्यांनी हात उलटा केला. "आपण गेलो यादीतून. तुझं वर्षभराचं काम गेलं. माझंही."

"पण जे वाया जातच नव्हतं ते आपण वाचवलं कसं म्हणायचं?"

"पहिला तक्ता आपण खोटा लिहिला नाही, चुकीचा लिहिला. त्यात फरक आहे."

"आज पुन्हा तोच पाठवला, तर राहील फरक?"

संगमेश सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "काटेकोरपणात माझ्यापेक्षा तू वाईट आहेस," ते हसून म्हणाले, पण हसू टिकलं नाही. "तक्त्यावर सही तुझी असते. मी खाली फक्त शिफारस लिहितो. तू ठरव. जो देशील त्याखाली लिहीन."

म्हणजे ठरवणं त्यांनी तिच्याच हातात दिलं होतं. हे वजन आहे की देणं, तिला कळेना.

जेवायला ती घरी गेली. आई, मीनाबाई, भाकरी थापत होती. वडील उंबऱ्यापाशी कॅलेंडरच्या जुन्या पानांचा गठ्ठा घेऊन बसले होते – गेली चार वर्षं घरातलं सगळं बोलणं त्या पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर चालतं. दीप्तीनं लिहिलं : रोज ५०,४०० लिटर वाया जातं असं मी म्हणाले होते. आज मोजलं, ८,९४०. बाकीच्यांनी नळ आधीच बंद केले होते. माझं चुकलं. काम जाईल कदाचित.

शेवटची दोन वाक्यं लिहिताना अक्षर बारीक झालं. यल्लाप्पांनी पान लांब धरून वाचलं. ओठ हलत होते. मग त्यांनी पहिल्या आकड्यावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या, बेसूर आवाजात म्हणाले –

"म्हंजे एक्केचाळीस हजार लिटर पानी जातंय वाटत हुतं, ते जातच न्हवतं?"

तिनं मान हलवली.

"आयला!" ते हसायला लागले. खांदे हलवत, तोंडात दात नसल्यासारखे, जे निम्मे नव्हतेच. "शानी निघाली की लोकं! मी तीस वरीस चावी फिरवली, मला वाटायचं मी सोडतो आनि गटार पितंय." त्यांनी आईला हाक मारली, "मीने, ऐकलंस का, खापर गल्लीत बुरकुंड लावत्यात, बुरकुंड!" मग तिच्याकडे वळून, "आनि तू तोंड पाडून काय बसलीस? पेढं वाट की."

तिच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. तीन दिवस ती त्या आकड्याकडे बघत होती आणि तिला दिसत होतं की तो आकसतोय, नळामागून नळ, पहाटेमागून पहाट, जणू तिच्या हातातून काहीतरी गळून जातंय. आणि हा माणूस, ज्याला काहीच ऐकू येत नाही, त्यानं कागदावरून पाणी वाचलं. आकडा नाही. पाणी. ते टाकीत होतं, नळात होतं, घागरीत होतं. ते गेलं नव्हतं. ते नऊ वर्षं गेलं नव्हतं. शहरांचं मंडळ निघायच्याही आधीपासून, कुणी कार्बन हा शब्द उच्चारायच्याही आधीपासून, चौदा घरं एकमेकींच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पितळ देत होती, आणि मी त्यांच्या दारात उभी राहून विचारत होते, तोटी आहे का... हो किंवा नाही...

तिला एकदम फिनलंडच्या बाई आठवल्या. त्यांना काय लिहायचं, ते आता वाक्यासकट समोर आलं. चोवीस नव्हते. चार होते. वीस नळ लोकांनी आधीच बंद केले होते आणि मला ते दिसले नाहीत. आमच्या लोकांनी एकट्यानं केलं नाही, पाळीनं केलं. त्या नगरसभेला हे पटेल? की त्या म्हणतील, मग आमची शाळा कुणाच्या भरवशावर? माहीत नाही.

दुपारी तिनं नवा तक्ता टाइप केला. छापील फॉर्ममध्ये 'जबाबदार यंत्रणा' असा रकाना होता आणि त्यात निवडायला तीनच नावं होती, तिन्ही ऑफिसांची. वीस नळांसमोर तिनं तो रकाना रिकामा ठेवला, मग प्रत्येकासमोर हातानं लिहिलं : पाळीतली घरं. एकतीसच्या ओळीत मात्र काय लिहायचं ते सुचेना. कुणाच्या दारातच न्हाय, तानाबाई म्हणाल्या होत्या. तिला वाटलं, खरं तर जे सगळं मोजायला हे मंडळ निघालंय ते कुणाच्या दारात आहे?... संगमेश सर टेबलापाशी येऊन उभे राहिले. "झाला?"

"एक माप राहिलंय, सर. सात वाजेपर्यंत येते."

त्यांनी घड्याळ पाहिलं. कानडीत काहीतरी मोजलं. "ये," म्हणाले, "मी थांबतो."

सव्वापाचला ती तानाबाईंच्या दारात होती. तिनं काय हवंय ते सांगितलं, नीट जमलं नाही, पण तानाबाई आत गेल्या आणि दिवळीतलं फडकं घेऊन आल्या.

"ही आमची. आज साडेपाचला आमच्या नळाला बुरकुंडावर भागवू, बायका शिव्या देतील, देऊ देत." त्यांनी फडकं उलगडलं, तोटी पदरानं पुसली, आणि तिच्या हातात दिली. वरून नाही, लांबून नाही. तळहातावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या बोटांनी मिटवली, लहान पोराच्या हातात रुपया देतात तशी. "आजची पाळी तुझी. हरवलीस तर बघ!"

पितळ गरम होतं, चुलीशेजारच्या भिंतीचं. दीप्तीनं मूठ तशीच मिटून ठेवली.

स्टॉपवर चार रिक्षा होत्या. एकतीस नंबरनं आधी हवा सोडली, मग खोकला, मग धार. गटाराकडे जाणारी तिची जुनी वाट होतीच.

"काय पावणं, तोटी लावताय?" पुढच्या रिक्षातून सयाजी म्हणाला. मिशीला पीळ, पाय हँडलवर. तिला तो पहिल्या दिवशीच्या बादलीपासून ओळखत होता. "उद्या सकाळी गायब! कोल्हापूर हाय हे."

"रात्री काढून ठेवायची. घरी."

"कुनाच्या घरी? हितं घर कुनाचं हाय?"

"तुमच्या रिक्षा आहेत."

"घ्या!" तो बाकीच्यांकडे वळला. "आता आमास्नी तोटीची पाळी!" सगळे हसले. ती आट्यांवर दोरा गुंडाळत होती, उजवीकडून, ताणून, सात वेढे, वडील करायचे तसा. तिला ठाऊकच नव्हतं की तिच्या बोटांना हे येतं. पाण्याचा फवारा तोंडावर आला, बाही कोपरापर्यंत भिजली. तोटी आट्यावर चढेना. दुसऱ्यांदा निसटली. सयाजीचे पाय हँडलवरून खाली आले. तो उतरला, नळाचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला, आणि तिनं जोर देऊन तोटी फिरवली. एक आटा. दोन. तीन.

आवाज थांबला. रिक्षावाल्यांचाही.

तिनं मापाचं भांडं पुढे केलं. सयाजीनं ते घेतलं आणि तोटीखाली धरलं, ती सांगायच्या आधीच वाकून, डोळा पातळीला आणून. "बोला," तो म्हणाला, "चालू करा घड्याळ." तिनं ओला अंगठा ओढणीला पुसला आणि बटण दाबलं. कुठूनतरी वडिलांची सळई टेकल्यासारखं तिला वाटलं. ती डोळे मिटून उभी राहिली.

नळ क्रमांक एकतीस. संध्याकाळचे पाच वाजून बावन्न मिनिटं. पाच मिनिटांत अकरा थेंब.